बेचाळीस राजांच्या टिकल्या

संग्रहालयाचा माणूस अकराला येणार होता. माईंनी नवापासून दुकानाची खोली सुनेकडून दोनदा झाडून घेतली, आणि दोन्ही वेळा तिला ऐकवलं की तिचं झाडणं नुसतं ऐकू येतं, दिसत नाही.

"तिसऱ्यांदा झाडू का, आई?"

"नको. फरशी झिजेल."

खोली म्हणजे घराच्याच खालच्या मजल्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. चार वर्षांपूर्वी घड्याळवाले गेले आणि रस्त्याकडचं शटर खाली आलं, ते आलंच. घड्याळवाले म्हणजे माईंचा नवरा. गल्लीत त्यांना कोणी दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं माईंना आठवत नव्हतं. भिंतीवर अजून अकरा घड्याळं होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. ती चालू होती तेव्हा त्यांच्या टकटकीनं माईंचं डोकं उठायचं. आता खोलीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा ती टकटक नाही हेच कानाला लागायचं, आणि डोकं तेवढंच उठायचं.

टेबलावर मधोमध तो ट्रे होता. सागवानी, चपटा, दोन वीत रुंद. त्यात बेचाळीस गोल खळगे, खळग्यात एकेक नाणं, आणि प्रत्येक नाण्याखाली त्याच मापाचा कापलेला कागदाचा गोल तुकडा. त्या तुकड्यांना घरात सगळे टिकल्याच म्हणायचे. टिकलीवर घड्याळवाल्यांच्या बारीक अक्षरात राजाचं नाव, साल, नाणं कुठल्या टांकसाळीतलं, आणि खाली दोन आकडे.

नाणी बायझँटाइन. हजार-चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या राज्याचा आणि त्याच्या राजधानीचा, कॉन्स्टँटिनोपलचा, माईंच्या घराशी काडीचा संबंध नव्हता. पण एकदा बंदरावरचा एक खलाशी पाण्यात भिजून मेलेलं घड्याळ घेऊन आला. बापाची आठवण होती म्हणे. घड्याळवाल्यांनी आठवडाभर खपून ते जिवंत केलं. ते कानाला लावून खलाशी दारात उभ्या उभ्या रडला आणि खिशातून तांब्याची तीन नाणी काढून टेबलावर ठेवून गेला. त्या दिवसापासून घड्याळवाले कामातून गेले. लोकांचे नवरे दारूनं जातात, पत्त्यांनी जातात. माईंचा नवरा कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि परत आला नाही, असं माई सांगायच्या. जुन्या बाजारातून, बंदरावरून, भंगारवाल्याच्या डब्यातून पस्तीस वर्षं ते नाणी आणत राहिले. सगळं तांबं. सोन्याचं एकही नाही.

"सोन्याची नाणी दिसायला छान असतात," ते म्हणायचे, "पण ती पेटीत राहिली. तांब्याची माणसांच्या हातात फिरली."

"मग एखादं पेटीतलं आणा की. माझ्या हातात फिरू दे."

यावर ते हसायचे आणि भिंग डोळ्याला लावायचे.

संग्रहालयानं हा ट्रे मागितला होता. थोरल्या मुलानं पत्र लिहून कळवलं होतं, त्यांचं उत्तर आलं होतं: माणूस येऊन बघेल, पसंत पडलं तर काचेच्या कपाटात मांडू, शेजारी पितळी पाटी लावू. पाटीवर काय लिहिणार हे माईंनी सुनेकडून तीन वेळा वाचून घेतलं होतं. 'संग्रह आणि अभ्यास', आणि पुढे घड्याळवाल्यांचं नाव. त्यातला 'अभ्यास' हा शब्द माईंना फार आवडला होता. ज्या माणसाला गल्ली आयुष्यभर 'सेल बदलून द्या' एवढंच म्हणाली, त्याच्या नावापुढे अभ्यास.

संग्रहालयाचा माणूस अकराला पाच मिनिटं असताना आला. पन्नाशीचा, किडकिडीत, गळ्यात दोरीला भिंग. चहा नको म्हणाला. माईंनी मनातल्या मनात त्याचे दोन गुण कापले. मग त्यानं ट्रेवर वाकून एक नाणंही हातात न घेता पाच मिनिटं नुसतं बघितलं, तेव्हा एक परत दिला.

"फार सुंदर आहे, आजी."

"तीनदा पुसलाय," माई म्हणाल्या.

त्यानं खिशातून हातमोजे काढले आणि पहिलं नाणं उचललं. खालची टिकली वाचली. नाणं बघितलं, टिकली परत वाचली. दुसरं उचललं. तिसरं. सातव्या नाण्यापाशी त्याच्या भिवया एकमेकींना चिकटल्या. नवव्याला त्यानं भिंग खाली सोडलं.

"हे सगळं त्यांनी स्वतः लिहिलंय?"

"मग काय शेजाऱ्यांनी?"

त्यानं नाणं परत खळग्यात ठेवलं. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी कुठून उचलावी हे त्याला कळत नव्हतं. "आजी, नाणी चांगली आहेत. काही तर फारच चांगली. पण टिकल्यांवर जे लिहिलंय ते नाण्यांशी जुळत नाही. हा बघा, हा थिओफिलस आहे, डोक्यावर पिसांचा तुरा. टिकली म्हणते कॉन्स्टन्स. दोघांत दोनशे वर्षांचं अंतर आहे. नऊ बघितली, त्यातली आठ चुकली आहेत. हौशी माणसाचं होतं असं. पुस्तकातलं चित्र बघून अंदाजानं लिहितात."

"अंदाजानं," माई म्हणाल्या.

"आपण असं करू. नाणी आम्ही आनंदानं घेऊ. टिकल्या राहू देत तुमच्याकडे, आठवण म्हणून. पाटीवर 'कुटुंबाकडून भेट' असं लिहू."

"आणि अभ्यास?"

त्यानं हातमोज्याचं बोट ओढलं. "ते लिहिणं मला जमणार नाही, आजी. उद्या कोणी जाणकार आला तर हसेल. तुमच्या यजमानांवरच हसेल."

सून दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. माईंनी तिच्याकडे बघितलं नाही. टेबलाची कड धरून त्या खुर्चीत बसल्या. त्या जागेवर बसून त्यांनी पस्तीस वर्षं घालवली होती, आणि काय झालंय हे त्यांना पहिल्या नाण्यालाच कळलं होतं. टिकल्या चुकल्या नव्हत्या. टिकल्या हलल्या होत्या. हलवल्या होत्या माईंनी.

दुकानाला सुट्टी असायची त्या दिवशी, दुपारची जेवणं झाली की दोघं इथं बसायचे. ते भिंग लावून, माई काट्यापाशी. सोनाराकडून आणलेला तो छोटा पितळी काटा, दोन पारडी, मखमलीच्या पेटीत बसवलेली वजनं, सगळ्यांत लहान वजन कापलेल्या नखाएवढं. नाणं एका पारड्यात, वजनं दुसऱ्यात. काटा स्थिर झाला की माई आकडा सांगायच्या, ते लिहायचे. मग माई नाणं वर-खाली दोन बोटांत धरून पलटायच्या आणि मागच्या बाजूचं डोकं कुठल्या दिशेला आलं ते सांगायच्या, घड्याळातल्या वेळेसारखं. सरळ उलटं असलं तर सहा वाजले. जरा कललेलं असलं तर सात वाजले.

"हा साडेपाचला आलाय," त्या सांगायच्या.

"साडे नसतं, पाच की सहा?"

"तुम्ही घड्याळवाले, आणि साडे नसतं?"

टिकलीवरचे खालचे दोन आकडे ते. एक वजन, एक वेळ.

राजांची गोष्ट ते काम करता करता सांगायचे, आणि माईंनी त्या राजांना आपली नावं ठेवली होती. त्यांची खरी नावं तोंडात माती कोंबल्यासारखी वाटायची. नाक कापून हाकलून दिलेला आणि दहा वर्षांनी परत येऊन गादीवर बसलेला तो नकटा. छातीपर्यंत दाढी असलेला, न्हाताना डोक्यात भांडं घालून मारलेला तो दाढोबा. तुरेवाला माईंचा लाडका, कारण तो म्हणे दर आठवड्याला बाजारात जाऊन भाव विचारायचा. "एवढा एकच राजा कामाचा," त्या म्हणायच्या. राजाचं नावच नसलेली नऊ नाणी होती, त्यांना त्या बिननावाची म्हणायच्या. आणि एक बाकावरचं जोडपं होतं, राजा-राणी शेजारी शेजारी बसलेले. तो राजा पुढे वेडा झाला, माणसांना चावायचा, आणि राणीनं राज्य ओढलं. त्या नाण्यावर माई अंगठा जरा जास्त वेळ ठेवायच्या.

शेवटची दोन वर्षं घड्याळवाल्यांची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी ट्रे रोज मांडीवर हवा. बोटांनी नाणं चाचपून ते राजा ओळखायचे. त्याच दिवसांत एकदा ट्रे पुसताना माईंच्या हातून निसटला. नाणी घरभर पळाली, टिकल्या पंख्याच्या वाऱ्यानं कपाटाखाली, खुर्चीखाली. घड्याळवाले मागच्या खोलीत झोपले होते. माईंनी गुडघ्यांवर रांगत बेचाळीसच्या बेचाळीस नाणी गोळा केली आणि चेहरे बघून, आठवतील तशी, आपापल्या घरी बसवली. टिकल्याही बेचाळीस मिळाल्या. पण टिकल्यांना चेहरे नव्हते.

माई तीन इयत्ता शिकल्या होत्या. त्यातली अक्षरं लग्नानंतर दोन-चार वर्षांत सांडून गेली, आकडे मात्र राहिले, कारण आकडे रोज लागायचे. पण घड्याळवाले उठायच्या आत काटा लावून बेचाळीस नाणी तोलणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी टिकल्या हाताला येतील तशा नाण्यांखाली सरकवल्या. वाचायला सुनेला बोलवलं असतं तर सुनेला कळलं असतं. आणि ज्यांच्यासाठी लिहिलेलं होतं त्यांना ते आता दिसतच नव्हतं. संध्याकाळी ते ट्रे चाचपायला बसले तेव्हा माई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. चौथ्या खळग्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"तुरेवाल्याच्या शेजारी दाढोबा कधीपासून?"

"त्यांचं जमतंय हल्ली."

ते हसले आणि पुढे गेले. परत कधी विषय काढला नाही.

आता संग्रहालयाचा भिंगवाला ट्रेचं झाकण लावायला लागला होता.

"थांबा," माई म्हणाल्या. "टिकल्या मी मिसळल्यात."

"काय?"

"ट्रे पडला माझ्या हातून. नाणी जागेवर ठेवली. टिकल्या कुठल्या कुठे ठेवल्या." पुढचं वाक्य बाहेर यायला तयार नव्हतं, त्याला ओढावं लागलं. "मला वाचता येत नाही."

हे त्यांनी आजवर एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो माणूस चार वर्षांपूर्वी गेला होता. मुलांना माहीत नव्हतं. सुनेला तर नाहीच नाही. सुनेपुढे चष्मा नेहमी वरच्या मजल्यावर राहिलेला असायचा.

दारातून सून शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"चष्मा सापडत नाही म्हणून बावीस वर्षं तुम्ही माझ्याकडून पत्रं वाचून घेता. चष्मा तुमच्या नाकावर असतो."

माईंनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर जिन्यावर गेली असती. ही जागची हलली नाही. बावीस वर्षांत तिनं तेवढं शिकून घेतलं होतं.

भिंगवाल्यानं घसा साफ केला. "आजी, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण संग्रहालय विश्वासावर चालत नाही. आता मी कुठली टिकली कुठल्या राजाची ते बघून लावू शकतो. पण त्यानं ते माझं काम होईल. त्यांनी हेच नाणं बघून हीच टिकली लिहिली, हे कशावरून?"

"तुम्ही काही लावू नका," माई म्हणाल्या. "तुम्ही तिकडे खिडकीपाशी बसा आणि चहा घ्या. आता नको म्हणायचं नाही. सूनबाई, सगळ्या टिकल्या काढ आणि टेबलावर मांड. नाव वाचायचं नाही. खालचे दोन आकडे वाचायचे. काटा कुठाय?"

काटा कपाटात होता, मखमलीच्या पेटीसकट. माईंनी पारडी फुंकली, पाया सरळ केला, सुई मध्यावर येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवला. चार वर्षांनी हात लावला होता, पण हात स्वतःच कामाला लागले. पहिलं नाणं पारड्यात. चिमट्यानं वजनं, मोठ्याकडून लहानाकडे. सुई डुलली, थांबली.

"सात, सात, नऊ," माई म्हणाल्या, आणि नाणं दोन बोटांत पलटलं. "सहा वाजले."

सून टिकल्यांवर वाकली. बोट फिरवत गेली. "सात दशांश सात नऊ. सहा. आहे."

"काय लिहिलंय वर? साहेबांना ऐकू दे."

"थिओफिलस."

"तुरेवाला," माई म्हणाल्या. "पुढचं."

भिंगवाला खिडकीपाशी दोन नाण्यांपुरता बसला. तिसऱ्याला तो चहाचा कप घेऊन टेबलापाशी आला. पाचव्याला त्यानं आपल्या पिशवीतून बॅटरीवर चालणारा वजनकाटा काढला आणि माईंचं झालेलं प्रत्येक नाणं त्याच्यावर ठेवायला लागला.

"माझ्यावर पहारा?"

"नाही हो, काट्यावर." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुमचा काटा दर वेळी तीन शतांश जास्त दाखवतो. न चुकता."

"तो म्हातारा आहे. तुमचा कालचा आहे."

"नाही, चांगलंच आहे हे. टिकलीवरही प्रत्येक आकडा तेवढाच जास्त आहे. म्हणजे याच काट्यावर, याच वजनांनी लिहिलंय." हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. माईंना तो बदल ओळखीचा होता. खलाशाच्या नाण्यांवर पहिल्यांदा भिंग धरलं तेव्हा नवऱ्याचा आवाज असाच झाला होता.

बिननावाची नऊ नाणी आली तेव्हा खरी परीक्षा झाली. सगळ्यांवर तोच येशूचा चेहरा, मागे तीच अक्षरं, राजाचं नाव नाहीच. माईंनासुद्धा ती एकमेकांपासून ओळखू यायची नाहीत. पण कोणी तेरा ग्रॅमचं, कोणी साडेआठ. कोणी सहाला, कोणी सातला, एक तर थेट तीन वाजता आलेलं. सून आकडे वाचत गेली आणि नऊच्या नऊ टिकल्या आपापल्या नाण्याखाली गेल्या. त्यातल्या एका टिकलीवर जादा एक ओळ होती. सुनेनं ती वाचली: "खाली दुसरं नाणं आहे, जुन्या राजाचा कान दिसतो."

भिंगवाल्यानं नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. बराच वेळ धरलं. "दिसतो," तो म्हणाला. "जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारलाय. मला दिसला नसता. त्यांना कसा दिसला?"

"दिवसभर मुंगीच्या डोळ्याएवढे दात असलेली चाकं बघायचे ते. कान म्हणजे त्यांना हत्ती."

दुपारचं जेवण राहून गेलं. सून मध्येच पाव भाजून घेऊन आली, तो तिघांनी उभ्यानं खाल्ला, माईंनी ट्रेपासून हातभर लांब उभं राहून, कारण तुकडे सांडलेले घड्याळवाल्यांना चालायचे नाहीत. उन्हं फरशीवरून सरकत भिंतीवर चढली. नकटा बसला. दाढोबा चौघे होते, चौघे बसले. बाकावरच्या जोडप्याचं वजन सांगताना माईंचा आवाज जरा खाली गेला, बाकी काही नाही. एकेचाळीस नाणी झाली आणि एकेचाळिसाव्यापर्यंत भिंगवाल्याला एकही चूक सापडली नाही. त्यानं वहीत लिहायला घेतलं होतं, भराभर, मान न वर करता.

"आमच्याकडे पदवीवाले आहेत," तो म्हणाला, "त्यांच्या कामात याहून जास्त चुका निघतात."

"त्यांना चष्म्याची दुरुस्ती हवी असेल," माई म्हणाल्या. आता त्यांना बोलावंसं वाटायला लागलं होतं.

शेवटचं नाणं राहिलं, आणि शेवटची टिकली. माईंनी तरी वजन केलं. दहा, तीन, एक. एक वाजता. सुनेनं टिकली वाचली, आकडे तेच. "हेराक्लियस आणि मुलगा," तिनं नाव वाचलं.

भिंगवाल्यानं नाणं घेतलं. त्याचं भिंग एकदा खाली झालं, परत वर गेलं. मग तो खिडकीपाशी गेला.

"हे मात्र चुकलंय," तो म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटतंय हे आवाजात ऐकू येत होतं. "हा हेराक्लियस नाही. त्याच्या आधीचा आहे, फोकास. टोकदार दाढी बघा. आणि शेजारी मुलगा नाही. ती बाई आहे, त्याची राणी. मुकुटाच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारे सर दिसतात, हातात लांब दांड्याचा क्रॉस आहे. नवरा-बायको आहेत हे."

माईंनी काट्याच्या पारड्याला हात लावून ते थांबवलं. ते आधीच थांबलेलं होतं.

हे नाणं आलं तेव्हा थोरला शाळेत जायचा. घड्याळवाले दोन दिवस पुस्तक उघडून बसले होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, सापडलं, बाप आणि मुलगा. माईंनी काट्यावरून नाणं उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, ही बाई आहे.

"बाकावर बसलेले असतात ते नवरा-बायको. हे उभे आहेत. उभे असतात ते बाप-लेक."

"म्हणजे बायको उभी राहत नाही? मी सकाळपासून काय करतेय?"

"अगं, पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं ही बाई बघितली नसेल. बाप-लेक असे उभे राहत नाहीत. लेक बापापासून जरा सुटून उभा राहतो. ही बघा कशी उभी आहे. तो पुढे गेला तर ती ओढून घेईल मागे."

ते हसले नाहीत. नाणं माईंच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "तू वजन सांग. वाचायचं काम माझं."

वाईट हेतूनं नव्हते म्हणाले. पण माई त्या दुपारी वरच्या मजल्यावर गेल्या आणि चार आठवडे काट्यापाशी बसल्या नाहीत. पाचव्या सुट्टीला घड्याळवाले जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला वजनं लावता येत नाहीत, काट्याची सुई माझ्या हातानं हलत राहते. खोटं होतं ते. त्या माणसाचा हात कधी हलला नाही. माई खाली आल्या. बाईचा विषय दोघांपैकी कोणी परत काढला नाही, आणि टिकली तशीच राहिली.

"बेचाळिसांत एक," भिंगवाला म्हणत होता. "काहीच नाही हो हे. मी फक्त नोंद करतो: एक ओळख चुकीची."

"चूक त्यांची नाही," माई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझी आहे. बाप-लेकाचं नाणं वेगळं होतं. ते बघून त्यांनी नाव लिहिलं. वजन करायला मी हे ठेवलं काट्यावर. दोन्ही शेजारी पडलेली होती. त्यांनी मी सांगितलेला आकडा लिहिला."

भिंगवाला त्यांच्याकडे बघत राहिला. "मग ते बाप-लेकाचं नाणं कुठाय?"

"हरवलं. माझ्याच हातून."

त्यानं ट्रेकडे बघितलं. बेचाळीस खळगे, बेचाळीस नाणी, आणि त्रेचाळिसाव्या नाण्याला त्यात कधी जागाच नव्हती. सुनेनंही ट्रेकडे बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

"नक्की लिहू असं?"

"लिहा. 'घरच्या बाईच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहा. स्वच्छ अक्षरात."

त्यानं पेन टेकवलं, थोडं थांबला, आणि लिहिलं. काय लिहिलं ते माईंना वाचता येणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. मग त्यानं वही वळवून सुनेपुढे धरली, आणि सुनेनं वाचलं: "बेचाळीस नाणी, सर्व टिकल्यांसह. संग्रह आणि अभ्यास," आणि पुढे घड्याळवाल्यांचं पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. "बेचाळिसाव्या टिकलीबाबत: वजन करताना अदलाबदल, कुटुंबाच्या सांगण्यावरून."

"निष्काळजीपणा कुठाय?" माईंनी विचारलं.

"जागा नव्हती," तो म्हणाला.

तो ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरून गेला. टिकल्या नाण्यांखाली. दारात गाडी उभी होती. माई उंबऱ्यावर उभ्या राहून त्याला सांगत होत्या की ट्रे सपाट धरायचा, ब्रेक हळू मारायचा, आणि तुरेवाल्याला काचेजवळ ठेवायचं, त्याला माणसं बघायची सवय आहे. गाडी वळली. त्या आत आल्या. टेबलावर ट्रेच्या आकाराचा एक चौकोन राहिला होता, बाकी लाकडापेक्षा गडद. सून वजनं एकेक करून मखमलीत बसवत होती, लहानात लहान वजनसुद्धा चिमट्यानं, बोटानं नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"बाईच होती ती," माई म्हणाल्या. "मी तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

सुनेनं पेटी बंद केली. "मग आत्ता का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं ना," माई म्हणाल्या. "ज्यांना सांगायचं त्यांना."